कानशीच्या खुणा

जुन्या नाण्यावर ओरखडे दिसले की आपण म्हणतो, खराब झालं, मोडीत घाला. आज आम्ही सांगणार आहोत ते बायकांनी मुद्दाम काढलेल्या ओरखड्यांबद्दल.

अमेरिकेत १७९२ साली कायदा झाला आणि फिलाडेल्फियाला सरकारी टाकसाळ उभी राहिली. चांदीचे पहिले डॉलर १७९४ च्या ऑक्टोबरात बाहेर पडले, अवघे १,७५८. एका डॉलरचं वजन सुमारे २७ ग्रॅम. तेव्हा नाण्याची किंमत म्हणजे त्यातली चांदी, त्यामुळे वजन नेमकं हवं. कोरी चकती तराजूत टाकायची, भारी भरली तर कानशीने घासायची, हलकी भरली तर पुन्हा वितळवायची.

या कामावर १७९५ साली दोन बायका लागल्या, सेरा वॉल्ड्रेक आणि रेचल समर्स. त्या टाकसाळीत नोकरी करणाऱ्या पहिल्या बायका. मजुरी दिवसाला ५० सेंट. म्हणजे कानस मारलेला एक डॉलर मिळवायला दोन दिवस राबायचं!

नाणं ठशाखाली दाबल्यावर कानशीच्या बहुतेक रेघा बुजायच्या, पण कडेला आणि उंच भागावर काही उरायच्या. एकाच दिशेने, शेजारी शेजारी. नंतर पडलेला ओरखडा तसा नसतो, तो नक्षीला कापत वेडावाकडा जातो. संग्राहक हा फरक भिंगाखाली बघतात.

तशीच गंमत ठशांची. पोलादी ठसा हाताने घडवायचे. आकडे, अक्षरं, चांदण्या एकेक ठोकून बसवायच्या. त्यामुळे एकाच सालाचे दोन ठसे सारखे नसत. कुठे चांदणी सरकलेली, कुठे जुन्या सालाच्या आकड्यावर नवा आकडा. १८०७ च्या अर्ध्या डॉलरच्या एका ठशावर कारागिराने ५० ऐवजी आधी २० ठोकलं, मग त्यावरच ५० बसवलं. तो २० अजून खालून डोकावतो. त्याच सालच्या दुसऱ्या एका ठशाला देवीच्या हनुवटीजवळ तडा गेला, तर लोक त्या नाण्याला चक्क ‘दाढीवाली देवी’ म्हणतात. अशा अर्ध्या डॉलरच्या ठशांची वर्गवारी करणारं अल ओव्हर्टन यांचं पुस्तक १९६७ साली आलं. आजही संग्राहक त्यातल्या क्रमांकानेच नाणं ओळखतात.

१७९४ चा एक डॉलर २०१३ साली एक कोटी डॉलरहून जास्त किमतीला विकला गेला. त्याच्या मधोमध वजन भरून काढायला चांदीची गुटी ठोकलेली आहे, आणि अंगावर कानशीच्या रेघाही आहेत. त्या खुणांनी त्याची किंमत उतरली नाही.

आपल्या घरातही आजीच्या डब्यात राणीछाप रुपया असतो. तो एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा. बायांनो, त्याला चिंच, राख, भांड्यांची पावडर लावू नका. काळपटपणा असू द्या, घासलेलं पुन्हा भरून येत नाही. कडेने धरा, सोनाराच्या काट्यावर वजन बघा, भिंगाखाली साल आणि अक्षरं नीट वाचा. चार जाणकारांना दाखवल्याशिवाय मोडीला देऊ नका. ज्या हातांनी ते घडवलं, त्यांचं नाव कुठे लिहिलेलं नसलं तरी खूण नाण्यावर असते. ती आपल्या हातून पुसली जाऊ नये.