सरोवरातला सॅमन

अमेरिकेतलं मिशिगन सरोवर सगळं गोड्या पाण्याचं, आणि विस्तार आपल्या कोकण विभागाच्या जवळजवळ दुप्पट. उन्हाळ्यात पहाटेच तिथे बोटी निघतात, सॅमनच्या मागावर. (आपल्या बाजारात रावसाला 'इंडियन सॅमन' म्हणतात, पण दोघांचं कूळ वेगळं.)

सॅमनला गारवा लागतो, साधारण 12 अंशांचा. ऊन तापलं की तो खोल उतरतो. मग गळ तिथवर न्यायचा कसा? बोटीच्या काठावर डाउनरिगर नावाचा छोटा रहाट असतो. त्याच्या तारेला 4-5 किलोचा शिशाचा गोळा. गळाची दोरी चिमट्याने तारेला अडकवायची, गोळा 20-25 मीटर खाली सोडायचा आणि बोट माणसाच्या चालीने हाकायची. मागे चमच्यासारखं चकचकीत आमिष हेलकावत येतं. मासा लागला की चिमटा सुटतो, वाकलेली काठी ताडकन उसळते आणि रिळावरची दोरी सरसर पळू लागते.

गंमत म्हणजे हा मासा मूळचा इथला नव्हेच. अटलांटिकमधून आलेल्या एलवाइफ या छोट्या माशांनी सरोवर व्यापलं होतं. 1967 च्या उन्हाळ्यात किनाऱ्यांवर मेलेल्या एलवाइफचा खच पडला. त्याच्या आदल्याच वर्षी मिशिगन राज्याचे मत्स्य अधिकारी हॉवर्ड टॅनर यांनी पॅसिफिकचे कोहो सॅमन सोडले होते, पुढे चिनूकही. त्यांनी एलवाइफवर ताव मारला. जुगारच तो, पण लागला!

शेजारच्या ह्युरॉन सरोवरात मात्र 2003 च्या सुमारास एलवाइफ जवळजवळ संपले, आणि त्यांच्या मागोमाग चिनूकही ओसरले.