बेटावरचे रविवार

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात हिंगोली येथे केलेले भाषण)



या व्यासपीठावरून दरवर्षी विद्वान वक्ते बोलतात. आम्ही तर मॅट्रिकपर्यंत शिकलेले एक निवृत्त प्राथमिक शिक्षक. आमच्याकडून पांडित्याची अपेक्षा कोणी करणार नाही, आणि तसा आव आणण्याचा आमचाही विचार नाही. कार्यवाहांनी आग्रह केला की, "गुरुजी, आपण अंदमानात चार महिने राहून आलात, तिकडची हकीकत सांगा." ती सांगण्यास आम्ही उभे आहोत. परंतु हकीकतीच्या आधी एक कबुली देणे भाग आहे.

बत्तीस वर्षे आम्ही मुलांना भूगोल शिकविला. चारही बाजूंनी पाण्याने वेढलेल्या भूभागास बेट म्हणतात, ही व्याख्या किती वेळा फळ्यावर लिहिली असेल याची गणती नाही. एके दिवशी चौथीतला एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, तुम्ही समुद्र पाहिला आहे का?" आम्ही क्षणाचाही विलंब न लावता "होय" म्हणालो. वास्तविक कयाधूचा पूर आणि सिद्धेश्वर धरणाचा जलाशय यांपलीकडे मोठे पाणी तोवर आमच्या दृष्टीस पडले नव्हते. ते असत्य आम्ही सेवानिवृत्तीपर्यंत वागविले.

पुढे आमच्या चिरंजिवांची बदली अंदमानात झाली. 'काळे पाणी' हा शब्द आपल्या घराघरांत कोणत्या अर्थाने उच्चारला जातो, हे सांगावयास नको. घरात सुतक आल्यासारखे झाले. "नोकरी सोडून दे, पण तेथे जाऊ नकोस," असे सांगणारे दुसरे कोणी नव्हते, आम्हीच होतो. तो सूनबाईंना व नातवाला घेऊन गेला. त्यानंतर दोन वर्षे फोनवर ख्यालीखुशाली तेवढी होई. मनातले बोलणे होत नसे. शेवटी आमच्या सौभाग्यवतींनी निक्षून सांगितले की, नातू पाहावयाचा असेल तर आपणच गेले पाहिजे. सन २०२२ च्या नोव्हेंबरात आम्ही उभयता पोर्ट ब्लेअर येथे पोहोचलो. त्या शहराचे नाव सन २०२४ पासून श्री विजयपुरम झाले आहे.

पहिल्याच सायंकाळी आमची परीक्षा झाली. पाच वाजले आणि सूर्य बुडाला! घड्याळ बिघडले असे आम्हांस वाटले. नातू म्हणाला, "आबा, रेखांश!" एका रेखांशास चार मिनिटे, हे गणित आम्हीच घातलेले. हिंगोली सुमारे ७७ अंशांवर, पोर्ट ब्लेअर सुमारे ९२॥ अंशांवर. म्हणजे तेथे सूर्य तासभर आधी माथ्यावर येतो, आणि घड्याळ मात्र साऱ्या देशाचे एकच. जे गणित आयुष्यभर सोडविले त्याचे उत्तर अंगणात उभे राहून पाहण्याचा हा पहिलाच प्रसंग.

चिरंजिवांना रविवारची सुटी. त्याने न बोलता एक नेम धरला की, दर रविवारी डबा बांधावयाचा आणि आम्हां दोघांना कोठेतरी न्यावयाचे. पहिला रविवार अर्थातच सेल्युलर जेलचा. १८९६ ते १९०६ या दहा वर्षांत ती वास्तू उभी राहिली. मधल्या मनोऱ्यापासून सात बाजू निघाल्या होत्या. आज तीन उरल्या आहेत. कोठडी साडेतेरा फूट लांब आणि साडेसात फूट रुंद. एका बाजूच्या कोठड्यांसमोर दुसऱ्या बाजूची पाठ यावी अशी रचना, म्हणजे बंदिवानास बंदिवानाचे तोंड दिसू नये. स्वातंत्र्यवीर सावरकर १९११ साली तेथे आले आणि १९२१ पर्यंत राहिले. त्यांचे ज्येष्ठ बंधू बाबाराव त्याच तुरुंगात होते. त्या कोठडीत उभे असता सौभाग्यवती हळूच म्हणाल्या, "काळे पाणी हे होते. आपला मुलगा तर खिडकीतून समुद्र दिसतो अशा घरात राहतो." यावर आम्हांस उत्तर सुचले नाही.

दुसऱ्या रविवारी आम्ही होडीने समोरच्या रॉस बेटावर गेलो. २०१८ पासून त्यास नेताजींचे नाव आहे. एके काळी इंग्रज साहेबांचे राज्य तेथून चाले. १९४१ चा भूकंप आणि पुढच्याच वर्षी आलेले जपानी यांनी ते वैभव संपविले. आज त्या बंगल्यांच्या भिंती वडापिंपळाच्या जातीच्या झाडांनी मुळांत आवळून धरल्या आहेत आणि हरणे निर्भयपणे हिंडतात. एका रविवारी वांडूरहून जॉली बॉय बेटावर गेलो. ते महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात येते. हे उद्यान १९८३ चे. तेथे प्लॅस्टिक नेऊ देत नाहीत. पाण्याची बाटली नेली तर अनामत ठेवावी लागते आणि बाटली परत दाखविली की पैसे परत मिळतात. काचेच्या तळाच्या होडीतून आम्ही प्रवाळ पाहिले. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, सूक्ष्म प्राण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेली वसाहत, हे वाक्य आम्ही शिकविले होते. त्या दिवशी ते आम्हांस समजले.

बाराटांगच्या वाटेवर जारवा लोकांचे राखीव अरण्य लागते. तेथे थांबणे, छायाचित्र घेणे, खाऊ देणे यांस कायद्याने बंदी आहे. तरीही माणसे पाहावयास मिळतील या आशेने जाणारे पुष्कळ. आम्ही तो बेत रद्द केला. माणूस हा काही प्रेक्षणीय पदार्थ नव्हे.

आता मुख्य प्रसंग. शनिवार-रविवार जोडून आम्ही शहीद द्वीपास, म्हणजे पूर्वीच्या नील बेटास, गेलो. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची तेथे वस्ती आहे. गावांची नावे ऐका: सीतापूर, भरतपूर, रामनगर, लक्ष्मणपूर! लक्ष्मणपूरच्या किनाऱ्यावर खडकाची एक नैसर्गिक कमान आहे. ओहोटीच्या वेळीच तेथवर जाता येते. आमचा वाटाड्या एक तरुण बंगाली, जेमतेम शाळेत गेलेला. कमानीपाशी पोहोचून थोडा वेळ होतो न होतो तोच तो म्हणाला, "चला, पाणी फिरले." आम्ही त्यास भरती-ओहोटीचा पाठ दिला: सुमारे सहा तास पाणी उतरते, सुमारे सहा तास चढते, अजून पुष्कळ अवकाश आहे. तो हसला आणि सूनबाईंना व नातवाला घेऊन निघाला. आम्ही हट्टाने मागे राहिलो. पाहता पाहता मघाचे कोरडे खळगे भरले, वाट दिसेनाशी झाली, पाणी घोट्यावरून गुडघ्यावर आले. शेवाळलेल्या खडकावर पाय ठरेना. तेव्हा चिरंजीव परत फिरला, त्याने आमचा हात धरला आणि एवढेच म्हणाला, "बाबा, मी ठेवतो तेथेच पाय ठेवा." लहानपणी कयाधूच्या पात्रातून त्यास नेताना आम्ही हेच शब्द उच्चारीत असू. किनाऱ्यावर आल्यावर त्यास आम्ही म्हणालो, "तुला अडविले ती आमची चूक झाली." तो काही बोलला नाही, परंतु त्या रात्री उशिरापर्यंत आम्ही दोघे बोलत बसलो.

असो. हिंगोलीस परतल्यावर आम्ही त्या जुन्या विद्यार्थ्याचा शोध घेतला. आज त्याचे किराणा मालाचे दुकान आहे. त्यास म्हटले, "बाळ, तू विचारलेस तेव्हा आम्ही समुद्र पाहिला नव्हता. आम्ही खोटे बोललो." तो गोंधळला. तो प्रश्न त्याच्या मुळीच ध्यानात नव्हता. थोड्या वेळाने म्हणाला, "गुरुजी, ते नाही आठवत. पण सिद्धेश्वर धरणाची सहल तुम्ही ऐनवेळी रद्द केली होती, ते आठवते. आईने दशम्या बांधून दिल्या होत्या. त्या वर्गातच बसून खाल्ल्या."

बंधूंनो, हे आम्हांस फार लागले. पाण्याची जबाबदारी नको, म्हणून आम्ही ती सहल रद्द केली होती. समुद्र दूर होता, तो दाखविणे आमच्या हाती नव्हते. परंतु धरण जवळ होते. औंढ्याचे नागनाथाचे मंदिर, नामदेवमहाराजांचे नरसी, पैनगंगेवरील इसापूरचा जलाशय, वसमतची हळद शिजविण्याची लगबग, हे सारे एका दिवसात जाऊन येण्यासारखे. आपल्यापैकी किती मुलांनी ते डोळे उघडे ठेवून पाहिले आहे?

त्याच महिन्यातील एका रविवारी तो दुकानदार, त्याची दोन मुले आणि शेजारची आठ-दहा मुले यांना घेऊन आम्ही सिद्धेश्वरास गेलो. दशम्या सोबत होत्याच. मुलांना काठापासून दूर बसविले, मोजून नेले आणि मोजून आणले. भीती रास्त असते; तिच्यावरचा उपाय सावधगिरी हा आहे, घरी बसणे हा नव्हे.

मंडळापुढे आमच्या दोन विनंत्या आहेत. पहिली, महिन्यातून एक रविवार ज्ञातीतील मुलांच्या सहलीसाठी राखावा. वर्गणी नको, ज्याने त्याने आपली भाकरी आणावी. दुसरी विनंती आईबापांना. दूरदेशीच्या नोकरीचा हुकूम घेऊन मुलगा किंवा मुलगी दारात उभी राहील, तेव्हा आम्ही जे शब्द उच्चारले ते आपण उच्चारू नका. तेथे रविवार कसा जातो एवढे विचारा, आणि जमले तर स्वतः जाऊन पाहा.

पहिल्या सहलीसाठी नावे कार्यवाहांकडे आजच द्यावीत. मुले मोजण्याचे काम आम्ही पत्करले आहे.