राज्यघटना शिकविणारा हवा

निपाणीच्या बसस्थानकावरून उत्तरेकडील गाडी कोल्हापुरास जाते आणि दक्षिणेकडील बेळगावास. कायद्याचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या निपाणीच्या मुलामुलींना या दोन्ही गाड्यांचा विचार करावा लागतो. कोल्हापूर जवळ आहे. तेथील शहाजी विधी महाविद्यालय 1933 सालापासूनचे, आणि शहरात कोठेही गेले तरी मराठीच कानावर पडते. बेळगावचे अंतर जवळजवळ दुप्पट. तेथील राजा लखमगौडा विधी महाविद्यालय कर्नाटक लॉ सोसायटीने 1939 साली स्थापिले आणि त्याचा लौकिक दूरवर आहे. पुढे ज्या न्यायालयांत उभे राहावयाचे ती कर्नाटकातील, हा हिशेब करून पुष्कळजण बेळगावची गाडी धरतात. येथपर्यंत अडचण अशी काही नाही. अडचण उभी राहते ती राज्यघटनेचा विषय समोर आल्यावर.

कराराचा कायदा समजावयास घरातील एखादा व्यवहार पुरतो. फौजदारी कायदा तर गावच्या भांडणांतून अर्धा कळून आलेला असतो. राज्यघटनेचे तसे नाही. तिची भाषा कसलेली आणि नेमकी, आणि एका कलमाचा अर्थ दहा निवाड्यांत विखुरलेला. त्यात सीमाभागातील विद्यार्थ्याच्या वाट्यास तीन भाषा येतात. शाळा मराठीतून झालेली; पाठ्यपुस्तके आणि निवाडे इंग्रजीत; तालुक्याच्या न्यायालयातील कामकाजात कन्नड. राज्यघटनेच्या 348 व्या अनुच्छेदाने सर्वोच्च व उच्च न्यायालयांच्या कामकाजासाठी इंग्रजी सांगितली आहे, तेव्हा इंग्रजीवाचून सुटका नाही. मग विद्यार्थी शिकवणीच्या शोधास लागतो आणि चुकतो तो बहुधा याच ठिकाणी.

शिकवण्या काही थोड्या नाहीत. पण त्यांतील बऱ्याचशा टाचणांच्या असतात. 14 म्हणजे समता, 19 म्हणजे स्वातंत्र्ये, 21 म्हणजे जीवित, असे पाढे तेथे म्हणून घेतले जातात. निवाड्याचे नाव, साल आणि एका ओळीचे तात्पर्य एवढे पाठ झाले की धडा संपला. अशा शिकवणीने गुण मिळतात, हे खोटे नाही. मात्र 1950 सालच्या गोपालन खटल्यात न्यायालयाने ‘कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ या शब्दांचा एक अर्थ लावला आणि 1978 साली मेनका गांधी खटल्यात त्याच शब्दांतून ती कार्यपद्धती न्याय्य व वाजवीही असली पाहिजे, असा अर्थ निघाला, तो कसा, असे विचारले की पाढे म्हणणारा विद्यार्थी गप्प होतो. कलमातील एक अक्षरही बदलले नव्हते. बदलले ते वाचन. आणि वाचन काही टाचणांतून शिकता येत नाही. त्यासाठी कोणी शेजारी बसावे लागते.

चांगला शिक्षक प्रारंभ कोठून करतो, हे पाहण्यासारखे असते. निपाणी हे तंबाखूचे गाव. आई विड्या वळते अशी एखादी मुलगी शिकवणीस आली, तर तिला सातव्या अनुसूचीतील तीन सूच्या घोकावयास लावण्यात काय अर्थ आहे? तिच्या हाती मंगलोर गणेश बीडी वर्क्सचा 1974 सालचा निवाडा द्यावा. विडी व सिगार कामगारांसाठी संसदेने 1966 साली कायदा केला. कारखानदार न्यायालयात गेले आणि म्हणाले की उद्योग हा विषय राज्यांचा आहे, संसदेला येथे हात घालण्याचा अधिकार नाही. न्यायालयाने पाहिले ते कायद्याच्या गाभ्याकडे. विषय विडीच्या उद्योगाचा दिसत असला, तरी कायदा आहे तो विड्या वळणाऱ्यांच्या हिताचा, आणि कामगारांचे हित समवर्ती सूचीत येते. म्हणून संसदेस तो करता येतो. घरी बसून विड्या वळणारी बाई, मध्ये असलेला ठेकेदार आणि पलीकडचा कारखानदार यांत मालक कोण, हा प्रश्नही त्याच कायद्याच्या पोटात होता. एवढे कळल्यावर त्या मुलीला सूच्या पाठ कराव्या लागत नाहीत. आपल्या घरातील सुपाची किंमत कोणत्या सूचीत बसते, हे तिला ठाऊक झालेले असते.

खरी परीक्षा याच्या पुढे आहे. सीमाभागात राज्यघटना समजावून सांगणाऱ्यांची वाण नाही. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि बेळगाव, निपाणी, खानापूर हा मुलूख त्या वेळच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे 1973 पासूनच्या कर्नाटकात, गेला. तेव्हापासून येथे तिसरा, एकोणतिसावा, एकशे एकतिसावा, साडेतीनशेवा हे अनुच्छेद सभांतून ऐकतच मुले वाढली. कायद्याच्या वर्गात पाऊल टाकण्यापूर्वीच त्यांना वाटते की हे सर्व आपणास माहीत आहे. ही माहिती बहुधा अर्ध्या कलमाची असते. ज्याला जो अर्धा भाग सोयीचा, तो त्याच्या तोंडी. आणि ही गोष्ट दोन्ही भाषांच्या सभांस सारखीच लागू आहे. अशा विद्यार्थ्याला उरलेला अर्धा भाग वाचावयास लावील, असा शिक्षक हवा आहे.

तिसरा अनुच्छेदच घ्या. राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार तो संसदेस देतो. विधेयक मांडण्यापूर्वी राष्ट्रपती ते संबंधित विधानमंडळाकडे पाठवितात, आणि ते कशासाठी, तर मत व्यक्त करण्यासाठी. येथे विद्यार्थ्याने थांबावे. मत निराळे आणि संमती निराळी. सर्व कलमात संमती हा शब्द कोठेही नाही. 1955 सालच्या पाचव्या दुरुस्तीने तर मत देण्यास मुदतही घालून देण्याची सोय केली. या एका शब्दावर केवढे घडले, ते बाबूलाल पराते यांच्या खटल्यात दिसते. 1956 साली मूळ विधेयकात महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्रशासित मुंबई असे तीन भाग होते. संसदेत ते बदलले आणि एकच द्वैभाषिक मुंबई राज्य झाले. या नव्या रूपावर मुंबईच्या विधानमंडळाचे मत घेतलेले नाही, अशी तक्रार होती. सर्वोच्च न्यायालयाने 1959 साली निर्णय दिला की विधेयकात बदल झाला म्हणून ते पुन्हा पाठविण्याची आवश्यकता नाही. पुढच्याच वर्षी, 1 मे 1960 रोजी, तेच द्वैभाषिक राज्य मोडून महाराष्ट्र व गुजरात ही राज्ये झाली, तीही संसदेच्या याच अधिकाराने. म्हणजे ज्या अनुच्छेदाने बेळगाव म्हैसुरात गेले, त्याच अनुच्छेदाने मराठी राज्य मिळाले. हे वाक्य सीमाभागातील मराठी घरात मोठ्याने म्हणणे सोपे नाही. शिक्षकाने ते म्हटले पाहिजे.

महाराष्ट्राने 2004 साली अनुच्छेद 131 खाली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, हे येथील प्रत्येक मुलास ठाऊक असते. सीमा ठरविणे हे संसदेचे काम असून असा दावाच चालू शकत नाही, असे कर्नाटकाचे म्हणणे, हेही कानावर असते, पण ‘त्यांचे म्हणणे’ म्हणून बाजूस सारलेले. महाजन आयोगाचेही तसेच. आयोग 1966 साली नेमला गेला, 1967 साली त्याचा अहवाल आला. बेळगाव शहर म्हैसुरात राहावे आणि निपाणी महाराष्ट्रास द्यावी, अशी त्याची शिफारस होती. महाराष्ट्राने अहवाल फेटाळला, कर्नाटकाने तो धरून ठेवला. याचा अभ्यास करविताना जो शिक्षक मराठी विद्यार्थ्यास प्रथम कर्नाटकाची बाजू लिहावयास सांगतो, आणि ती इतकी भक्कम लिही की कर्नाटकाच्या वकिलानेही ती आनंदाने उचलावी असे बजावतो, तो शिक्षक सोडू नये. कन्नड विद्यार्थ्यास त्याने महाराष्ट्राची बाजू लिहावयास द्यावी, हे ओघाने आलेच. पहिल्या प्रयत्नात मुले दुसऱ्याची बाजू मुद्दाम लंगडी लिहितात. वही परत मिळते. तिसऱ्या खेपेस कोठे ती उभी राहते.

भाषेचा प्रश्न याहूनही नाजूक आहे. राज्यपुनर्रचनेच्या वेळी, 1956 सालच्या सातव्या दुरुस्तीने, 350 (क) आणि 350 (ख) हे अनुच्छेद राज्यघटनेत आले. पहिल्यात अल्पसंख्य भाषिकांच्या मुलांना प्राथमिक अवस्थेत मातृभाषेतून शिकण्याच्या पुरेशा सोयी पुरविण्यासाठी राज्याने प्रयत्नशील राहावे, असे आहे. दुसऱ्याने भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमला. त्याचे अहवाल संसदेपुढे ठेवले जातात. ‘प्रयत्नशील राहावे’ आणि ‘पुरविलेच पाहिजे’ यांत किती अंतर आहे, हे समजल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मग विद्यार्थ्यापुढे उषा मेहता विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा 2004 सालचा निवाडा ठेवावा. महाराष्ट्रात पाचवी ते दहावी मराठी सक्तीची होती. गुजराती भाषिकांच्या संस्थांनी तिला हरकत घेतली. न्यायालयाने सक्ती उचलून धरली. जेथे राहावयाचे तेथील भाषा शिकणार नाही असा हक्क अल्पसंख्याकांना सांगता येत नाही, असा त्याचा आशय. निवाडा वाचून संपला की शिक्षकाने काही बोलू नये. बेळगावच्या मराठी मुलास त्या निवाड्यात महाराष्ट्राच्या जागी कर्नाटक आणि मराठीच्या जागी कन्नड हे शब्द आपोआप दिसू लागतात. तो काही वेळ खिडकीबाहेर पाहतो.

पण अभ्यास तेथे थांबत नाही. कर्नाटक सरकारने 1994 साली पहिली ते चौथीचे शिक्षण मातृभाषेतून अथवा कन्नडमधून देण्याचा नियम केला, आणि 2014 साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ठरविले की माध्यमाची अशी सक्ती राज्यास करता येत नाही. मुलाची मातृभाषा कोणती आणि त्याने कोणत्या माध्यमातून शिकावे, हे ठरविण्याचा अधिकार पालकांचा. एक विषय म्हणून भाषा शिकविणे आणि तिचे माध्यम लादणे, या दोहोंत न्यायालयाने रेघ कोठे ओढली, ती विद्यार्थ्याने आपल्या बोटाने दाखविली पाहिजे. या निवाड्याचा लाभ मराठी शाळांपेक्षा इंग्रजी शाळांनाच अधिक झाला, हीही गोष्ट लपविण्याचे कारण नाही. मराठीसाठी मोर्चात जाणारे वडील आपल्या धाकट्या मुलीला इंग्रजी शाळेत घालतात, तेव्हा तेही राज्यघटनेनेच दिलेला हक्क बजावीत असतात.

असा शिक्षक मिळावयाचा कोठे? महाविद्यालयातील एखादे अध्यापक तास संपल्यावर थांबतात. त्यांच्याकडे शंका घेऊन जाणारे मात्र विरळा. निवृत्त प्राध्यापक घरी असतात. संध्याकाळी कचेरीत निवाडे चाळीत बसलेले ज्येष्ठ वकील असतात. त्यांस फीपेक्षा बरा प्रश्न अधिक आवडतो. त्यांच्याकडे ‘मला घटना शिकवा’ म्हणून जाऊ नये. एक अनुच्छेद आणि एक निवाडा वाचून, जेथे अडले तेथे खूण करून जावे. जो त्या खुणेवर बोट ठेवून ‘मोठ्याने वाचा’ म्हणतो, तो शिक्षक. जो पुस्तक मिटून भाषण सुरू करतो, त्याचे आभार मानून परत यावे.

आणि तो शिक्षक कन्नड भाषिक असण्याचा संभव बेळगावात पुष्कळ. घरची मंडळी येथे अडखळतात. ‘आपल्या प्रश्नावर ते आपल्याला काय शिकवणार?’ असे आजोबा विचारतात, आणि त्यांच्या विचारण्यास कारणही असते. त्यांनी लाठीमार पाहिलेला असतो. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. नातवाने पहिल्या महिन्यानंतर त्यांना आपली वही दाखवावी.

त्या वहीत तीन रकाने असावेत : इंग्रजी, मराठी, कन्नड. ‘अनुच्छेद’ यास कन्नडात ‘विधि’ म्हणतात, आणि मराठी विद्यार्थी प्रथम घोटाळतो, कारण त्याच्या महाविद्यालयाच्या नावातील विधी म्हणजे सगळा कायदाच. निवाड्यास ‘तीर्पु’. अर्जास ‘अर्जी’. कलम मात्र दोन्हीकडे कलमच. मूलभूत हक्क लिहिताना कन्नडच्या रकान्यात ‘मूलभूत हक्कुगळु’ असे येते आणि शेवटच्या अक्षरांपुरतीच लेखणी वळवावी लागते. पहिल्या आठवड्यात असे पन्नास शब्द झाले तरी पुरेत. दुसऱ्या आठवड्यात तिसरा अनुच्छेद, त्याच्या परंतुकासह, तीनही भाषांत आपल्या हाताने उतरवून काढावा, आणि ‘मत’ या शब्दाखाली रेघ मारून बेळगावची सकाळची गाडी धरावी.