झोपी गेलेला नायक आणि जागे झालेले वाचक



ह्या व्यासपीठावरून गेले काही दिवस विद्वान मंडळी बोलून गेली. आज चालकांनी कामगार संघटनेतल्या माणसाला उभे केले आहे, आणि विषय दिला आहे कादंबरीचा. आमचे शालेय शिक्षण सातवीत आटोपले. पुढे जे शिकलो ते सूतगिरणीच्या खात्यात आणि युनियनच्या कचेरीत. इंग्रजी शिकलो, तेही कामगार न्यायालयाचा निवाडा आपल्या बाजूचा आहे की विरुद्ध, एवढे कळावे म्हणून. मांडीवर शब्दकोश घेऊन. तेव्हा साहित्याची चिकित्सा आमच्याकडून व्हावयाची नाही. एक पुस्तक लोकांनी कसे वाचले आणि मिटल्यावर काय केले, एवढेच सांगावयाचे आहे.

पुस्तकाचे नाव ‘लुकिंग बॅकवर्ड’, म्हणजे मागे वळून पाहताना. लेखक एडवर्ड बेलामी, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स प्रांतातला, एका धर्मोपदेशकाचा मुलगा. पुस्तक १८८८ च्या जानेवारीत निघाले. तो काळ कसा होता? १८८६ च्या मे महिन्यात आठ तासांच्या दिवसासाठी अमेरिकेत संप झाले, शिकागोच्या हेमार्केट चौकात बॉम्ब फुटला आणि १८८७ च्या नोव्हेंबरात चार कामगार पुढाऱ्यांना फाशी झाली. संप म्हटला की सुखवस्तू माणसाच्या पोटात गोळा उठावा, असे ते दिवस होते.

अशा दिवसांत बेलामीने एक प्रेमकथा लिहिली. बोस्टन शहरात ज्युलियन वेस्ट नावाचा तीस वर्षांचा धनिक तरुण आहे. पणजोबांच्या पुंजीवर जगतो; स्वतः काडीचे काम करीत नाही. एडिथ बार्टलेट ह्या मुलीशी त्याचे लग्न ठरले आहे, पण नव्या घराचे बांधकाम अडले आहे, कारण गवंडी-सुतार संपावर आहेत. घर नाही म्हणून लग्न नाही. आणि म्हणून संपवाल्यांवर ज्युलियनचा भयंकर राग! त्याला निद्रानाशाचा विकार. ३० मे १८८७ च्या रात्री तो तळघरात मोहिनीविद्येच्या बळावर झोपी जातो, वरचे घर जळून जाते, आणि तो जागा होतो तो १० सप्टेंबर २००० रोजी, डॉक्टर लीट नावाच्या गृहस्थाच्या घरी. त्या घरात मुलगी आहे. तिचेही नाव एडिथ.

येथे आम्ही एक घरगुती गोष्ट सांगतो. आमचे लग्नही संपापायी लांबले. फरक एवढाच की संपावर आम्हीच होतो. गिरणी अकरा महिने बंद होती. आमचे सासरे म्हणाले, “आधी भोंगा वाजू दे, मग अक्षता.” पुढे पुष्कळ वर्षांनी रद्दीच्या दुकानात हे पुस्तक हाती लागले आणि पहिल्याच प्रकरणात ज्युलियनचे रडगाणे वाचून आम्हांस हसू आवरेना. घरी गोष्ट सांगितली, तर आमच्या मंडळींनी एकच प्रश्न विचारला : “आणि मागे राहिली त्या पहिल्या एडिथचे काय झाले?”

प्रश्न मर्मावर बोट ठेवणारा आहे, आणि बेलामीने त्याचे उत्तर दिले आहे. पहिल्या एडिथने फार दिवस शोक केला, मग बऱ्याच वर्षांनी दुसरीकडे लग्न केले. नवी एडिथ ही तिचीच पणती. पणजीच्या पेटीत ज्युलियनची प्रेमपत्रे जपून राहिली होती. ती वाचून ह्या मुलीने घरच्यांना आधीच सांगून टाकले होते की, असा प्रेम करणारा माणूस भेटेल तेव्हाच लग्न करीन. म्हणजे ही नायिका मुळात एक वाचकच आहे. शंभर वर्षांपूर्वीचा मजकूर वाचून ती त्या माणसाच्या प्रेमात पडली. बेलामीच्या वाचकांचे ह्याच्या उलट झाले. ते एका न आलेल्या काळाच्या प्रेमात पडले.

तो काळ असा. सर्व कारखाने राष्ट्राच्या मालकीचे. एकविसाव्या वर्षी प्रत्येकाने उद्योगसेनेत भरती व्हावयाचे आणि पंचेचाळिसाव्या वर्षी मोकळे व्हावयाचे. पैसा नाही. प्रत्येकास वर्षाच्या उत्पन्नाचा सारखा वाटा आणि तो नोंदलेला एक पुठ्ठ्याचा तुकडा. त्यास बेलामीने नाव दिले आहे ‘क्रेडिट कार्ड’! हा शब्द आज आपल्या खिशात आहे. पण बेलामीचे कार्ड म्हणजे माणसाचा हक्काचा वाटा होता. आपले कार्ड म्हणजे उधारी. २००० साल आले आणि गेले. शब्द तेवढा खरा ठरला, अर्थ वाटेतच गळाला.

आता वाचकांकडे वळू. बेलामीने स्वतः लिहून ठेवले आहे की, आरंभी समाजसुधारणा त्याच्या मनात नव्हती, एक कल्पनारम्य कथा लिहावयाची होती. परंतु पुस्तकाच्या प्रती लाखांनी खपल्या, आणि वाचक नुसते वाचून गप्प बसले नाहीत. १८८८ च्या डिसेंबरात बोस्टनमध्ये पहिला ‘नॅशनॅलिस्ट क्लब’ निघाला, आणि दोन-अडीच वर्षांत देशभर दीडशेहून अधिक क्लब उभे राहिले. ह्या क्लबांत पत्रकार होते, निवृत्त लष्करी अधिकारी होते, थिऑसफीवाले होते. वाचणाऱ्यांत शार्लट पर्किन्स गिलमन ही लेखिका होती, आणि पुढे समाजवादी पक्षाचा पुढारी झालेला डॅनियल डी लिऑन होता. जर्मनीत क्लारा झेटकिन ह्या विदुषीने भाषांतर केले. लंडनमध्ये एबेनेझर हॉवर्ड हा लघुलेखक ते वाचून इतका पेटला की त्याने इंग्लंडमध्ये ते छापून यावे म्हणून खटपट केली. पुढे १८९८ साली त्याने उद्याननगरीची योजना मांडली आणि १९०३ साली लेचवर्थ येथे तसे गाव वसू लागले. एका प्रेमकथेतून खऱ्या विटांचे गाव उभे राहिले!

पण सगळ्यांनीच टाळ्या पिटल्या असे नाही. शिकागोच्या रिचर्ड मायकेलिस ह्या संपादकाने १८९० साली उत्तरादाखल दुसरी कादंबरीच लिहिली. तीत तोच ज्युलियन आहे आणि तेच २००० साल. पण नव्या राज्यात वशिलेबाजी बोकाळली आहे. सर्वांत मोलाचा आक्षेप मात्र आपल्याच बाजूच्या माणसाने घेतला. विल्यम मॉरिस हा इंग्रज कवी आणि समाजवादी. स्वतः मागावर बसणारा, रंगाच्या हौद्यात हात घालणारा. त्याने जून १८८९ मध्ये ‘कॉमनवील’ पत्रात परीक्षण लिहिले. त्याचा मुद्दा असा : बेलामीच्या जगात काम ही पीडाच राहिली आहे, फक्त ती पंचेचाळिसाव्या वर्षी सुटते. माणसाला कामातच आनंद मिळाला पाहिजे, त्याची सोय कोठे आहे? आणि १८९० साली मॉरिसने ‘न्यूज फ्रॉम नोव्हेअर’ ही स्वतःची भविष्यकथा क्रमशः छापली. वाचकाची प्रतिक्रिया म्हणजे स्वतःच एक ग्रंथ, असा तो प्रकार.

आम्हीही हे पुस्तक आमच्या कचेरीत पाळी सुटल्यावर रोज थोडेथोडे मराठीतून सांगितले. पंधरा-वीस माणसे असत. पंचेचाळिसाव्या वर्षी निवृत्ती म्हटल्यावर “वा!” झाले. सगळ्यांना सारखा वाटा, ह्यावर मुकादमालाही सारखा का म्हणून वाद झाला. मग तो भाग आला : धडधाकट माणूस काम नाकारीत राहिला, तर तो कबूल होईपर्यंत एकांत कोठडी आणि पाव-पाणी. मंडळी गप्प झाली. शिवाय उद्योगसेनेत असेपर्यंत राष्ट्राचा अध्यक्ष निवडण्याचा हक्क नाही, तो निवृत्तांचा. संघटना नाही, संप नाही. कोपऱ्यातला एक म्हातारा बदली कामगार म्हणाला, “म्हणजे मालक गेला आणि मुकादम राहिला.” मॉरिसने ते परीक्षण वाचले असते तर त्या म्हाताऱ्याचा हात हाती घेतला असता.

आमचे स्वतःचे दुखणे आणखी निराळे आहे. ज्युलियन विचारतो, हे सारे घडले कसे? डॉक्टर लीट सांगतात : कारखाने मोठे होत गेले, मक्तेदाऱ्या एकवटल्या, अखेर राष्ट्र हाच एकमेव मालक झाला, रक्त सांडले नाही. लाल बावटेवाल्यांनी तर अडथळाच केला आणि कामगारांच्या पक्षांकडून मोठे कार्य होणे शक्यच नव्हते. हे वाचले तेव्हा त्या बंद पडलेल्या अकरा महिन्यांतली माणसे आमच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. बायकोचे मंगळसूत्र गहाण टाकणारा एक होता. पोरीला शाळेतून काढावी लागली असा एक होता. त्या संपात आम्हांस मिळाले थोडे, गेले पुष्कळ. पण आज त्या गिरणीत नव्या पोराला आठ तासांनी घरी जाता येते, ते कुणी झोपेत असताना आपोआप घडलेले नाही.

बोस्टनच्या सुखवस्तू वाचकांना हे पुस्तक एवढे का भावले, त्याचे एक कारण आम्हांस येथे दिसते. झोपून उठावे आणि न्याय आलेला असावा, हे कुणाला आवडणार नाही? म्हणूनच १८९० नंतर ते क्लब भराभर ओसरत गेले. जे टिकले ते शेतकऱ्या-कामकऱ्यांच्या पीपल्स पार्टीच्या चळवळीत मिसळले. स्वप्नाला पाय फुटले ते तेथे.

तरीही आम्ही बेलामीवर रुसलो नाही, कारण शेवट. अखेरच्या प्रकरणात ज्युलियन १८८७ च्या बोस्टनमध्ये परत जागा होतो. तेच कोंदट वाडे, तीच उपाशी पोरे. तो पहिल्या एडिथच्या घरी मेजवानीला जातो आणि जेवणाऱ्यांना कळवळून सांगू लागतो की बाहेर पाहा, हे असे असण्याची गरज नाही. ते त्याला हाकलून देतात. मग कळते की हेच स्वप्न होते. खरे २००० सालच. त्याला हायसे वाटते, आणि लगेच शरम वाटते. ज्या सुखासाठी आपण बोटही हलवले नाही, ते भोगण्याचा आपल्याला काय अधिकार? बागेत उभ्या असलेल्या एडिथपुढे तो गुडघे टेकतो तो ह्या शरमेने. संपवाल्यांवर चिडणाऱ्या त्या माणसाला लेखकाने अखेर येथवर आणून सोडले आहे.

१९३५ साली जॉन ड्यूई, चार्ल्स बिअर्ड आणि एडवर्ड वीक्स ह्या तिघांनी मागल्या पन्नास वर्षांतल्या प्रभावी पुस्तकांच्या याद्या स्वतंत्रपणे केल्या. तिन्ही याद्यांत मार्क्सच्या ‘कॅपिटल’नंतर हेच पुस्तक होते. आमच्या मते त्याचे खरे यश ती शरम वाचकात उतरली, ह्यात आहे. ज्याच्यात उतरली तो क्लबात गेला, गाव वसवू लागला, नाहीतर मॉरिससारखा भांडायला उभा राहिला. ज्याच्यात उतरली नाही, त्याने एक गोड गोष्ट वाचली आणि दिवा मालवला.

आमच्या मंडळींना शेवट सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, “मग त्याने त्या गवंड्यांची माफी मागायला हवी होती.” पुस्तकात ती माफी नाही. ते प्रकरण वाचकांकडे राहिले आहे.