पहिली मोटारसायकल : निवड आणि जबाबदारी

(रस्ता सुरक्षा अभियानानिमित्त पंचायत समितीच्या सभागृहात शिक्षक, पंचायत सदस्य व अधिकारी यांच्यासमोर केलेले भाषण)



रस्ता सुरक्षेवर बोलण्याचे निमंत्रण मला मिळाले, तेव्हा वाहतुकीच्या नियमांची यादी आपल्यासमोर ठेवावी, असे प्रथम मनात आले. परंतु ती यादी आपणांस ठाऊक आहे. किंबहुना आपल्यापैकी अनेकजण ती इतरांना शिकवतात. यास्तव मी आज जरा अलीकडचा विषय घेणार आहे. वाहन रस्त्यावर येण्यापूर्वीच, म्हणजे घरात ते घेण्याचे ठरते तेव्हाच, पुढील सुरक्षिततेचा बराचसा निर्णय होऊन जातो. नवशिक्याने पहिली मोटारसायकल कोणती घ्यावी, हा प्रश्न वरवर खासगी वाटतो. तो तसा नाही.

केंद्र शासनाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षी देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत शेकडा ४४ हून अधिक दुचाकीवरील होती. हेल्मेट नसलेल्या मृतांची संख्या पन्नास हजारांच्या वर होती. या आकड्यांत आपल्या तालुक्याचाही वाटा आहे आणि त्यामागची घरे आपणांपैकी कित्येकांना नावानिशी माहीत असतील.

निवड ही गोष्टच नवी

निवडीची सवय आपल्या समाजाला फार जुनी नाही. सत्तरच्या दशकात स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. नंबर लागला की जी मिळेल ती घरी आणायची आणि पेढे वाटायचे. मोटारसायकल म्हणजे राजदूत, येझदी किंवा बुलेट, एवढीच नावे कानावर येत. १९७२ साली ल्यूना आली आणि शिक्षक, कारकून, पोस्टमन यांना झेपेल असे वाहन मिळाले. १९८५ मध्ये हीरो होंडाची शंभर सीसीची गाडी आली आणि थोड्या पेट्रोलात लांब जाणारी मोटारसायकल खेडोपाडी पोहोचली. आज तालुक्याच्या गावीही दहा-वीस प्रकारच्या गाड्या समोर उभ्या असतात. निवडीचे स्वातंत्र्य आले, पण कशावरून निवडावे, हे मात्र कोणी शिकवले नाही. परिणामी निवड करतात ती इतरांच्या नजरा : मित्रांच्या, भावकीच्या आणि पडद्यावरच्या नायकाच्या.

माझी चूक

येथे मी स्वतःचा अनुभव सांगतो. तो सांगताना आजही संकोच वाटतो. २००४ साली मी नोकरीला नुकताच लागलो होतो. कार्यालयातील एका सहकाऱ्याकडे दीडशे सीसीची मोटारसायकल होती. तशीच आपलीही असावी, यापलीकडे मी काही विचार केला नाही. माझी उंची बेताची. दुकानात गाडी गुळगुळीत फरशीवर, मधल्या स्टँडवर उभी होती. मी तिच्यावर बसलो, आरशात पाहिले आणि रंग सांगितला. दोन्ही पाय जमिनीला टेकतात की नाही, हे मी तेथे पाहिलेच नाही.

माझे गाव सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यात. जूनमधील पहिल्या पावसानंतर वडिलांना मागे बसवून मी बाजारातून गावी निघालो होतो. त्यांच्या मांडीवर बियाण्याची पिशवी होती. चढणीच्या एका वळणावर समोरून एस.टी. आली. तिला वाट द्यावी म्हणून मी कडेला घेऊन गाडी थांबवली. रस्त्याची कड डावीकडे उतरती होती. माझ्या पायाचे केवळ चवडे टेकले आणि खालचा ओला मुरूम सरकला. सुमारे १४० किलोची गाडी, त्यावर आम्ही दोघे. तो भार मला सावरता आला नाही. गाडी डावीकडे कलंडली आणि वडिलांचा पाय तिच्याखाली सापडला.

बंधुभगिनींनो, त्या वेळी आमचा वेग शून्य होता. कोणी नियम मोडला नव्हता, कोणी मद्य घेतले नव्हते, एस.टी.च्या चालकाची काहीही चूक नव्हती. चूक झाली होती ती तीन महिन्यांपूर्वी, दुकानात. वडिलांच्या नडगीचे हाड मोडले. त्या वर्षीची पेरणी चुलत्यांनी केली. वडील आजही बांधावरून चालताना डावा पाय जपून टाकतात. त्यांनी मला याविषयी कधी एक शब्द सुनावला नाही. तो त्यांनी सुनावला असता, तर बरे झाले असते, असे मला अनेकदा वाटले आहे.

गाडी माणसाच्या मापाची हवी

या अनुभवातून मी जे शिकलो ते थोडक्यात असे. पहिली मोटारसायकल अशी असावी, की जी चालवणाऱ्याला थांबवता येईल, सावरता येईल आणि ढकलता येईल. पळवता तर ती कोणालाही येते.

दुकानात गेल्यावर प्रथम गाडी स्टँडवरून खाली घ्यायला सांगावे. बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीवर टेकले पाहिजेत; निदान एक पाय पूर्ण आणि दुसऱ्याचा चवडा भक्कमपणे टेकावा. इंजिन बंद ठेवून गाडी दहा पावले पुढे ढकलावी, मागे घ्यावी, मधल्या स्टँडवर स्वतः चढवून पाहावी. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे. क्लच आणि ब्रेकच्या दांड्या बोटांच्या आवाक्यात आहेत का, हे पाहावे. या परीक्षेला पाच मिनिटे लागतात आणि एक पैसाही पडत नाही.

शंभर ते सव्वाशे सीसीच्या साध्या गाडीचे वजन साधारणपणे ११० ते १२५ किलो भरते. साडेतीनशे सीसीच्या भारदस्त गाडीचे वजन १९० किलोच्या आसपास जाते. हा फरक सरळ हमरस्त्यावर जाणवत नाही. तो जाणवतो उतारावर, चिखलात, गोठ्याच्या दारात आणि मागे आई बसलेली असताना. नवशिक्याची बहुतेक धडपड अशाच ठिकाणी होते. म्हणून पहिली दोन वर्षे हलकी गाडी चालवावी. हात बसला, की मोठ्या गाडीचा विचार खुशाल करावा.

ताकदीचाही हिशेब असाच आहे. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे ८ मीटर पुढे जाते. ताशी ६० वेगाने सुमारे १७ मीटर. ब्रेक लागल्यानंतर थांबायला लागणारे अंतर मात्र वेग दुप्पट झाला की चौपट होते. विज्ञानाच्या शिक्षकांनी हे गणित फळ्यावर अवश्य सोडवून घ्यावे. ज्याचा हात अजून ब्रेकवर बसलेला नाही, त्याच्या मुठीत क्षणात वेग घेणारे यंत्र देणे शहाणपणाचे नव्हे.

ब्रेकविषयी आणखी एक गोष्ट. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीहून मोठ्या नव्या दुचाकींना चाक जागीच अडकू न देणारी एबीएस यंत्रणा बंधनकारक झाली. त्याहून लहान गाड्यांना दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लावणारी सीबीएस यंत्रणा तरी असावी, असे ठरले. जुनी गाडी घेताना यांपैकी काय आहे, याची चौकशी करावी. सायकलवर शिकलेली आपली मुले पुढच्या ब्रेकला भितात. वास्तविक गाडी थांबवण्याचे अधिक काम पुढचाच ब्रेक करतो. तो हळुवार, पण न घाबरता वापरण्याचा सराव मोकळ्या मैदानावर करून घ्यावा.

किंमत आणि खर्च

घरात पैशांची जुळवाजुळव होते ती गाडीच्या किमतीपुरती. हेल्मेट मागाहून, असे ठरते, आणि ते ‘मागाहून’ कधी येतच नाही. भारतीय मानक ४१५१ नुसार तयार झालेली, आयएसआय चिन्हाची दोन हेल्मेटे हा गाडीच्या किमतीचाच भाग समजावा. हेल्मेटमुळे मृत्यूची शक्यता शेकडा सुमारे ४२ ने आणि डोक्याच्या दुखापतीची सुमारे ६९ ने घटते, असे जगभरातील पाहण्यांच्या एकत्रित अभ्यासातून दिसून आले आहे. मागे बसणाऱ्यासाठी हाताची पकड, पाय ठेवण्याची सोय आणि चाकाला आच्छादन असावे, असा नियम आहे. गाडी दिसायला चांगली व्हावी म्हणून साडी-गार्ड काढून टाकणाऱ्या तरुणाने मागे कोण बसणार आहे, याचा विचार करावा.

वापरलेली गाडी घेण्यात कमीपणा नाही. शिकण्यासाठी ती अनेकदा अधिक सोयीची. परंतु चेसिसवरील क्रमांक नोंदणी पुस्तकाशी जुळवून पाहावा, गाडीवर कर्जाचा बोजा आहे का हे तपासावे, विमा चालू आहे याची खात्री करावी आणि गाडी लगेच आपल्या नावावर करून घ्यावी. स्टँप पेपरवर सही घेऊन व्यवहार पुरा झाला, असे आपल्याकडे मानतात. कायदा तसे मानत नाही. अपघात झाल्यास भरपाईची जबाबदारी नोंदणीत ज्याचे नाव त्याच्याकडे जाते.

आपले काम

अठरा वर्षे पूर्ण झाल्यावाचून गियरच्या मोटारसायकलचा परवाना मिळत नाही. तरीही शाळा-महाविद्यालयांच्या आवाराबाहेर काय उभे असते, ते आपण रोज पाहतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाच्या गुन्ह्याबद्दल पालक किंवा वाहनमालक यांना तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. हे पालकसभेत आणि ग्रामसभेत स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. आधी शिकाऊ परवाना, मग सराव, मग पक्का परवाना आणि त्यानंतर गाडी, हा क्रम आपल्याकडे नेमका उलटा झाला आहे.

माझी सूचना साधी आहे. रविवारी शाळेचे मैदान मोकळे असते. शिकाऊ परवाना काढलेल्या तरुण-तरुणींना तेथे अनुभवी चालकाच्या देखरेखीखाली तासभर सराव करू द्यावा. आठचा आकडा काढणे, संथ चालवणे, ठरलेल्या रेषेवर थांबणे, एवढे जमले तरी पुष्कळ झाले. आणि गावातील एखादा मुलगा ‘कोणती गाडी घेऊ?’ असे विचारायला आला, तर त्याला गाडीचे नाव सांगू नका. त्याला एवढेच विचारा, ‘तुझे पाय टेकतात का? आणि मागे कोण बसणार आहे?’

हे दोन प्रश्न २००४ साली मला कोणी विचारले नाहीत. आपण ते विचारावेत, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.