श्वास, आम्लता आणि मेंदू

अंगारकी चतुर्थीच्या दिवशीं टिटवाळ्याच्या महागणपतीच्या दर्शनासाठीं पहांटेपासून रांग लागते. अशा गर्दींत एखादी मुलगी घाबरते, भराभर श्वास घेऊं लागते. थोड्याच वेळांत ओठांना मुंग्या येतात, बोटें ताठरून आंत वळतात, डोळ्यांपुढें अंधारी येते. कोणी म्हणतो, “अंगांत आलें”. कोणी हुंगवावयास कांदा शोधतो. खरें कारण मात्र तिच्या रक्तांत असतें.

मनुष्याचें रक्त किंचित् अल्कधर्मी असून त्याचा पी-एच् ७.३५ ते ७.४५ एवढ्या अरुंद मर्यादेंत राहतो. उच्छ्वासावाटे बाहेर पडणारा कर्बवायु रक्तांत विरघळला म्हणजे आम्ल बनतें. श्वास अतिवेगानें चालला कीं हा वायु गरजेहून अधिक निघून जातो आणि आम्लता घटते. आंकड्यांतील फरक दिसावयास लहान, परंतु ७.४ चा ७.७ झाला, तर आम्लकणांची संख्या निम्म्यावर येते.

याचे परिणाम दोन. रक्तांतील मोकळें कॅल्शियम प्रथिनांना चिकटून कमी होतें, आणि मज्जातंतु क्षुल्लक कारणानें चेतावूं लागतात. मुंग्या व आंखडलेलीं बोटें हें त्याचेंच फळ. दुसरें म्हणजे, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, म्हणून घेरी येते. खुद्द मेंदूंतील पेशीहि अल्कता वाढली कीं अधिक उत्तेजित होतात. मेंदूचा विद्युत्-आलेख काढतांना रुग्णास सुमारें तीन मिनिटें जोरानें श्वास घ्यावयास सांगतात, तें यासाठींच. कांहीं मुलांतील छुपा अपस्मार त्यानें उघड होतो. उलट, अनावर मधुमेहांत रक्तांत आम्लें सांचलीं, तर मेंदूचें कार्य मंदावून रोगी बेशुद्धीकडे झुकूं शकतो.

श्वासाकडे शास्त्रदृष्टीनें पाहण्याची परंपरा महाराष्ट्रास नवी नाहीं. स्वामी कुवलयानंदांनीं १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून प्राणायाम प्रयोगशाळेंत नेला.

तेव्हां अशा मुलीस गर्दीबाहेर आणून बसवावें, धीर द्यावा, आणि श्वास सावकाश व लांब सोडावयास सांगावें. तोंडावर कागदी पिशवी धरण्याचा जुना उपाय करूं नये. कारण हृदयविकारांत व दम्यांतहि धाप लागते, आणि तेथें पिशवी घातक ठरते. छातींत दुखत असेल, शुद्ध हरपली असेल, किंवा असा प्रकार प्रथमच घडला असेल, तर वैद्यास दाखवावें. दर्शन तासाभरानें झालें तरी चालतें. श्वासाचें तसें नाहीं.