नर्तकीचा दिवस

पडदा वर गेला की नर्तकी आपल्याला दिसते आणि पडदा पडला की ती आपल्या मनातून नाहीशी होते. गवयाच्या रियाजाविषयी आपण आदराने बोलतो, मल्लाच्या तालमीच्या गोष्टी मुलांना सांगतो, कीर्तनकाराच्या पाठांतराचे कौतुक करतो. नर्तकीचा दिवस कसा उगवतो आणि कसा मावळतो याची विचारपूस मात्र क्वचितच होते. त्यामुळे नृत्य हा उपजत देणगीचा आणि चार घटका करमणुकीचा विषय आहे, असा एक समज आपल्याकडे रुजलेला आहे. मुलगी नृत्य शिकते हे सांगताना आईबापांना आनंद होतो. तीच मुलगी नृत्यावर पोट भरणार म्हणाली की घरात शांतता पसरते. श्रोतेहो, या शांततेला उत्तर द्यायचे तर नर्तकीच्या कामाचाच हिशेब मांडला पाहिजे.

पाश्चात्य देशांत बॅले हा रीतसर व्यवसाय आहे. तेथील नर्तकी सकाळी कठड्याला हात धरून पायांची तीच ती आवर्तने करते, दुपारी तालमीला उभी राहते आणि रात्री प्रयोग करते. मंडळीत समूहनर्तकी, एकल नर्तकी, प्रमुख नर्तकी अशा पायऱ्या असतात. एखादीला अनेक वर्षे हंसांच्या थव्यातला एक हंस होऊनच नाचावे लागते. चाळिशीच्या आसपास बहुतेकींचे शरीर रजा मागू लागते. तेथे दिवस बांधलेला असतो, वेतन ठरलेले असते आणि भूमिका वाटून दिलेली असते.

आपल्या देशात असा बॅले कथकाच्या पायावर उभा करण्याचे धाडस मुंबईत मॅडम मेनका यांनी केले. त्यांचे मूळ नाव लीला रॉय. कथकात एकच कलावंत सारी मैफल रंगवीत असे. मेनकाबाईंनी त्याच कथकातून समूहाची रचना बांधली, पात्रे वेगळी केली आणि कथानकाला आरंभ व शेवट दिला. ‘कृष्णलीला’, ‘देवविजय नृत्य’, ‘मालविकाग्निमित्र’ ही त्यांची नृत्यनाट्ये गाजली. 1936 ते 1938 या काळात त्यांची मंडळी युरोपभर हिंडली. त्या मंडळीत एक लहानगी मराठी मुलगी होती. तिचे नाव दमयंती जोशी.

दमयंतीबाईंचा जन्म मुंबईत 1928 साली झाला. मेनकाबाईंना ही मुलगी दत्तक हवी होती. आईने तिला देऊन टाकण्यास नकार दिला. परंतु दोघींनी मिळून तिला वाढवावे, हे मात्र मान्य केले. त्या काळच्या सामान्य स्थितीतील एका मराठी आईने घेतलेला हा निर्णय आजही विचार करायला लावतो. इतर मुली पाटी-दप्तर घेऊन शाळेत जात, त्या वयात दमयंती परमुलखातील रंगमंचांवर उभी होती. पंधराव्या वर्षी ती मंडळीची प्रमुख नर्तकी झाली. बॅलेच्या मंडळीने तिला शिस्त दिली: वेळेवर उभे राहणे, आपल्या जागेवर राहणे, शेजारणीच्या पावलाशी पाऊल जुळवणे आणि आपल्या वाट्याची भूमिका चोख करून बाजूला होणे.

मेनकाबाई 1947 साली निवर्तल्या. आता दमयंतीबाईंना एकटीने मंच भरायचा होता. त्यासाठी लागणारी विद्या लखनौ घराण्याची होती. अच्छन महाराज, लच्छू महाराज आणि शंभू महाराज या तीन भावांकडून त्यांनी ती घेतली. जयपूर घराण्याच्या हिरालालजींकडेही त्या शिकल्या. 1950 नंतरच्या वर्षांत एकल नर्तकी म्हणून त्यांचे नाव देशभर झाले.

लखनौचे कथक समजून घेतल्याशिवाय ही घडण कळणार नाही. अवधचा शेवटचा नवाब वाजिद अली शाह 1847 साली गादीवर आला. तो स्वतः नृत्य जाणणारा होता आणि राधाकृष्णाची कथा त्याने आपल्या दरबारात रंगभूमीवर आणली. 1856 साली इंग्रजांनी अवध खालसा केले. नवाब कलकत्त्याच्या मटियाबुर्जला गेला आणि कलावंतांचा आश्रय तुटला. तरीही लखनौत विद्या राहिली. कालकाप्रसाद आणि बिंदादीन या बंधूंच्या घरात ती पुढे वाढली. बिंदादीन महाराजांनी अगणित ठुमऱ्या रचल्या, आणि त्यांच्यावर भाव करणे हा या घराण्याचा विशेष ठरला.

पण लखनौची विद्या या एकाच घराने जगवली असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. 1857च्या उठावानंतरच्या लखनौ शहराच्या करनोंदींत नाचगाणे करणाऱ्या स्त्रिया सर्वांत जास्त कर भरणाऱ्यांच्या वर्गात आढळतात. म्हणजे नृत्य हा स्त्रीचा व्यवसाय होता, त्यावर तिची मिळकत होती आणि सरकार त्यावर कर घेत होते. पुढे नव्या नीतिकल्पनांच्या रेट्यात या स्त्रियांची नावे पुसली गेली. त्यांच्या ठुमऱ्या व त्यांचे भाव मात्र प्रतिष्ठित मंचांवर येऊन बसले. सुशिक्षित घरातल्या मुलीने नृत्य शिकावे, पण त्याचे मोल घेऊ नये, या आपल्या संकोचाचे मूळ बरेचसे येथे आहे.

आता लखनौच्या पद्धतीने शिकणाऱ्या नर्तकीचा दिवस पाहू. सकाळी ती दोन्ही पायांना घुंगरू बांधते, एकेका पायात शंभर आणि त्याहूनही अधिक. हे घुंगरू दोरीत एकेक गाठ मारून ओवलेले असतात. मग ततकार सुरू होतो: ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. सोळा मात्रांचा त्रिताल, प्रथम ठाय लयीत, मग दुगुन, मग चौगुन. हे एकच चक्र तासन् तास चालते. पाहणाऱ्याला यात काही घडताना दिसत नाही. घडत असते ते तळपायात आणि कानात. त्यानंतर टाचेवर फिरण्याच्या चक्करी, हातांची वळणे, थाट, आमद, तोडे, परण. मग बसून पढंत करायची, म्हणजे जे पायाने नाचायचे ते तोंडाने बिनचूक म्हणायचे. सारंगीवर किंवा पेटीवर लहरा वाजत असतो. तबलजीशी बोलाचाली होते, एखादी तिहाई समेवर अर्ध्या मात्रेने चुकते आणि पुन्हा पहिल्यापासून आरंभ होतो. पायांना सूज येते, आणि सूज उतरण्यापूर्वी दुसरी सकाळ उजाडते.

एवढ्या श्रमांनंतर येते ती गत, म्हणजे अभिनयाची चाल. येथे कथकाची वाट बॅलेपासून वेगळी होते. बॅलेत राजकन्या एक जण, राजपुत्र दुसरा आणि जादूगार तिसरा. गतभावात हे सारे एकाच देहात वसतात. पाणवठ्याचा प्रसंग घ्या. नर्तकी डोक्यावर घागर घेते, तेव्हा ती गौळण असते. एक गिरकी घेते आणि तिच्या हाती मुरली येते, तेव्हा ती कृष्ण असते. दुसऱ्या गिरकीनंतर भिजलेला पदर सावरते, तेव्हा पुन्हा गौळण होते. वेश बदलत नाही, पडदा पडत नाही. खोडी काढणारा आणि जिची खोडी काढली ती, असे दोघेही तिलाच व्हावे लागते. यासाठी पायांपेक्षा मनाचा रियाज अधिक लागतो आणि तो वयाबरोबर पिकतो. शंभू महाराज एका जागी बसून एकाच ओळीवर नाना भाव दाखवीत, आणि प्रेक्षकांना ते उठावेत असे वाटत नसे. बॅलेच्या नर्तकीला ज्या वयात निरोप घ्यावा लागतो, त्या वयात कथकाची नर्तकी कोठे अभिनयाच्या दारात पोचते.

मंचावरच्या या भूमिकांखेरीज आणखीही भूमिका तिला कराव्या लागतात, आणि त्यांना टाळ्या नसतात. ती स्वतःची रचनाकार असते, वेशभूषाकार असते, साथीदारांचा प्रवास आणि बिदागी ठरविणारी व्यवस्थापक असते. दमयंतीबाईंनी कथकासाठी साडीचा वेश स्वीकारला, तेव्हा तसे करणाऱ्या त्या पहिल्या काही नर्तकींपैकी होत्या. शेवटी ती शिक्षिका असते. 1968 साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि 1970 साली पद्मश्री मिळालेल्या दमयंतीबाईंनी खैरागढच्या विद्यापीठात शिकविले आणि लखनौच्या कथक केंद्राच्या संचालकपदाची धुराही सांभाळली. हे केंद्र 1972 साली सुरू झाले, तेव्हा त्याचे पहिले संचालक होते लच्छू महाराज. ज्या घराण्याची विद्या घेतली, त्याच घराण्याच्या नगरीत ती परत वाटण्याचे भाग्य मुंबईच्या या मराठी मुलीला लाभले.

लखनौशी मराठी माणसाचे नाते तसे जुने आहे. 1926 साली पंडित विष्णू नारायण भातखंडे यांनी तेथे संगीत महाविद्यालय उभे केले. त्याच महाविद्यालयात मोहनराव कल्याणपूरकर यांनी कथक शिकविले, आणि लच्छू महाराजांबरोबरच त्यांच्याकडूनही विद्या घेतलेल्या रोहिणी भाटे यांनी 1947 साली पुण्यात स्थापन केलेल्या ‘नृत्यभारती’तून नर्तकींच्या पिढ्या घडल्या.

दरबार गेला, संस्थाने गेली, नृत्यमंडळ्या आल्या आणि विसर्जन पावल्या. नर्तकीची सकाळ मात्र तीच राहिली. तिच्या संध्याकाळचे तिकीट आपण काढतो. सकाळचे मोल कोणी द्यायचे, हा प्रश्न नवाबाच्या काळी होता आणि आजही आहे. कधी नवाबाने ते दिले, कधी शासनाच्या केंद्राने, कधी शिष्यांच्या शुल्काने. आणि पुष्कळदा ते नर्तकीने स्वतःच्या पदरचे दिले. तेव्हा आपल्या घरातील एखादी मुलगी घुंगरू हाती घेऊन म्हणाली की माझा व्यवसाय हाच, तर तिला छंद आणि पोट यांतला भेद समजावण्याची घाई करू नये. कष्टाचे मोल मागण्यात कमीपणा नाही, एवढे आपण तिला सांगावे आणि तिच्या रियाजासाठी घरातली एक खोली रिकामी करून द्यावी.